प्रत : माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी

भाऊराव गांगुर्डे यांच्या हातून आयुष्यात असं एकही पत्र गेलं नव्हतं, ज्याची प्रत आणखी कुणाला गेली नाही. यात त्यांचा दोष नव्हता. चेंबूरच्या एका सरकारी कार्यालयात ते एकवीस वर्षं जावक कारकून होते. सरकारी पत्राचं असं असतं, की ते ज्याला लिहिलेलं असतं तो सहसा वाचत नाही. वाचतात ते प्रत मिळालेले लोक. त्यामुळे पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली डावीकडे 'प्रत : माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी' असं लिहून चार-सहा नावं घातल्याशिवाय पत्र पुरं झालं असं त्यांना वाटतच नसे. प्रत नसलेलं पत्र म्हणजे त्यांच्या मते काहीतरी गुपचूप चाललेलं काम.

पंचाऐंशी साली त्यांच्या मुलीनं, जयानं, अमेरिकेत पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा ही सवय घरात कुणालाच धोकादायक वाटली नाही.

जया वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. तिचा विषय तिवरं. तिवरं म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारी झाडं. घाटकोपरच्या माणसाला ती दिसत नाहीत, ओहोटीला वारा फिरला की फक्त वासानं कळतात. जया मात्र दोन वर्षं दर आठवड्याला बोरिवलीहून होडीनं गोराईला जात होती आणि गुडघाभर चिखलात उभी राहून पानं तोडत होती. तिवराचं झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. उन्हात ते पानावर पांढरं चमकतं. अशा चार हजार दोनशे पानांवरचं मीठ जयानं धुऊन, सुकवून, वजन करून मोजलं होतं. पहिल्यांदा तिनं एक फांदी घरी आणली, तेव्हा तिच्या आईनं, द्रौपदीबाईंनी, एक पान चाटून बघितलं.

"आमटीला पुरायचं नाही," त्या म्हणाल्या आणि जयाची चिखलानं भरलेली सलवार भिजवायला घेऊन गेल्या.

द्रौपदीबाई महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया होत्या. दिवसाला दहा-बारा माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर जगात येत, त्यामुळे जगाबद्दल त्यांना फारसं आश्चर्य उरलेलं नव्हतं.

या मिठाचं पुढे काय करायचं हे शिकवणारी माणसं इथे नव्हती. होती ती अमेरिकेत, तीही मोजकी. जयाच्या मार्गदर्शक बाईंनी तिला शिफारसपत्रं दिली, बंद पाकिटात, लाखेचा शिक्का मारून. नेमकी सात.

"सातच का?" भाऊरावांनी विचारलं.

"बाई म्हणाल्या, सातपेक्षा जास्त ठिकाणी तू हुशार आहेस असं लिहायला लागले, तर मलाच शंका यायला लागेल."

त्यानंतर बाई एका वर्षासाठी मद्रासला निघून गेल्या. म्हणजे विद्यापीठं सातच निवडायची होती आणि चुकायला जागा नव्हती. सातांपैकी एकानं तरी प्रवेश आणि सोबत शिष्यवृत्ती दिली तर जया जाणार. नाहीतर बँकेच्या भरतीची परीक्षा देऊन घाटकोपरच्याच एखाद्या शाखेत काउंटरमागे बसणार. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणून कुणी बोलत नव्हतं.

सात कुठली, हे ठरवायला एका रविवारी सकाळी समोरच्या बिऱ्हाडातले चंद्रप्रकाश तळवडेकर आले. तळवडेकर विमा कंपनीत होते. त्यांचा भाचा न्यू जर्सीत होता. एवढ्या भांडवलावर घाटकोपरच्या पंतनगरातलं सगळं अमेरिका खातं त्यांच्याकडे आलं होतं. ते स्वतः पणजीच्या पलीकडे गेलेले नव्हते.

"हे बघ गो जया," पाटावर बैठक मारून ते म्हणाले, "विद्यापीठांची यादी म्हणजे थ्री टायरचा डबा. वरचा बर्थ, मधला बर्थ, खालचा बर्थ. वरचे दोन धरायचे. मिळाले तर नशीब. मधले तीन. तिथे आपली लायकी. आणि खालचे दोन, जे आपल्याला बघताच म्हणतील, या, बसा."

"काका, गाडीत तर सगळ्यांना खालचाच बर्थ हवा असतो."

"हवा असतो. मागायला लाज वाटते."

जयानं पंधरा दिवस चर्चगेटच्या अमेरिकन लायब्ररीत बसून शंभर पानी वही भरली होती. कुठे कोण प्राध्यापक आहे, त्यानं काय लिहिलंय, त्यातलं तिनं काय वाचलंय. मधल्या बर्थची तीन नावं लगेच ठरली. खालच्या बर्थमधलं शेवटचं, सातवं नाव मेक्सिकोच्या आखाताजवळच्या एका छोट्या विद्यापीठाचं होतं. तिथे मर्सर नावाचा एक प्राध्यापक होता. दलदलीतल्या झाडांच्या मिठावरचा त्याचा एक लेख जयाकडे होता. चौथ्या हाताच्या झेरॉक्समधला, इतका पुसट, की तिनं निम्मा पाठ करून टाकला होता.

"ह्याबद्दल भाच्याला विचारलंय मी," तळवडेकर म्हणाले. "तो म्हणतो, तिथे मगरी भरपूर आणि विद्यार्थी कमी. घेतीलच. एकदम खालचा बर्थ. खिडकीजवळचा."

"मला खरं तर हे वर घालायचं होतं," जया म्हणाली.

"वर? नाव ऐकलंय का कुणी त्याचं? यादी म्हणजे यादी गो. उद्या कुणी विचारलं, की कुठे कुठे अर्ज केलास, तर पहिलं हे सांगशील?"

राहिला वरचा बर्थ. त्यातलं एक नाव जयाचं होतं. दुसऱ्यासाठी भाऊराव सकाळपासून वाट बघत होते.

"न्यूयॉर्क," ते म्हणाले.

जयाला हे येणार हे माहीत होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि फोटोखाली त्यांच्या पदव्यांची ओळ होती. जया वाचायला शिकली तेव्हा पुस्तकाच्या आधी तिनं ती ओळ वाचली होती. त्यातल्या पहिल्या दोन पदव्या न्यूयॉर्कच्या. त्या विद्यापीठाचं नाव त्या घरात जवळच्या नातेवाइकासारखं घेतलं जाई; पाहिलेलं नाही, पण आपलं.

"अण्णा, तिथे माझ्या विषयाचा एकही माणूस नाही. मी सगळं बघितलंय."

"विषय नसेल. विद्यापीठ तर आहे ना?"

"विषय नसेल तर ते मला घेतील कशाला?"

"ते त्यांना ठरवू दे. आपण विचारायचंच नाही का?"

"एक पाकीट वाया जाईल."

भाऊरावांनी फोटोकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. ते त्याच्याखालीच बसले होते. "जया, माझा बाप येवल्याच्या बाजारात दुसऱ्याच्या बैलांना पाणी पाजायचा. त्यानं मला शाळेत घातलं, तेव्हा गावातल्या माणसांनी हेच सांगितलं. तिथे तुमचं कोण आहे?"

जयानं वहीत एक नंबरला न्यूयॉर्क लिहिलं. द्रौपदीबाईंनी चहा आणला.

पत्र जयानं लिहिलं. विभागप्रमुखाला उद्देशून, दीड पानाचं, इंग्रजीत. मी कोण, काय केलं, चार हजार दोनशे पानं, पुढे काय करायचं आहे, शिष्यवृत्ती मिळेल का. मजकूर सगळ्यांना सारखाच, फक्त वरचं नाव बदलायचं. सोबत गुणपत्रिका, परीक्षांचे निकाल आणि बाईंचं बंद पाकीट. तेवढ्यात गोराईहून निरोप आला, की खाडीच्या कडेची झाडं तोडायला माणसं आली आहेत, तुमच्या खुणा बांधलेल्या फांद्या वाचवायच्या असतील तर या. जया तीन दिवस तिथल्या एका कोळीणबाईंच्या घरी राहायला गेली. जाताना कच्चं पत्र, सात पत्ते आणि खाली सही केलेले कोरे कागद तिनं भाऊरावांच्या हातात दिले.

"अण्णा, फक्त टाइप करून टाकायची. जसंच्या तसं."

"मला शिकवतेस?" भाऊराव म्हणाले. खात्याची मिनिटाला तीस शब्दांची टायपिंगची परीक्षा ते पहिल्या फटक्यात पास झालेले होते.

त्यांनी आधी साहेबांकडे रीतसर अर्ज केला. कार्यालयीन वेळेनंतर, स्वतःचा कागद आणि स्वतःचा कार्बन वापरून, मुलीच्या शिक्षणासाठी टंकलेखन यंत्र वापरण्याची परवानगी मिळावी. साहेबांनी शेरा मारला : 'मंजूर. प्रत लेखा शाखेस.' कार्बन जयाच्या प्रबंधाच्या टायपिंगातून उरलेला होता. त्यात अजून जीव आहे असं भाऊरावांचं मत होतं.

यंत्रापुढे बसल्यावर एकवीस वर्षांचा अनुभव त्यांच्या बोटांत उतरला. मजकूर एकच, मग सात वेळा टाइप करणं म्हणजे अडाणीपणा. त्यांनी एक जाड कागद घेतला, खाली सहा पातळ कागद लावले, मध्ये कार्बन घातले आणि कळा ठोकून ठोकून दीड पान उमटवलं. वर पत्ता न्यूयॉर्कचा. खाली सही जयाची, तिनं कोऱ्या कागदांवर आधीच करून ठेवलेली. सहीच्या खाली, डावीकडे, इंग्रजीत :

'प्रत : माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी.' आणि पुढे उरलेली सहा विद्यापीठं, दोन ते सात, क्रमानं. त्याच्याही खाली, कोपऱ्यात, पत्र कुणाचं आणि टाइप कुणी केलं याची आद्याक्षरं. जे. जी. तिरकी रेघ बी. जी.

वरचा जाड कागद न्यूयॉर्कला. मग क्रमानं एकेक. सातवी प्रत सातव्याला. सातव्या प्रतीवरचा मजकूर दिसत नव्हता असं नाही. आहे हे माहीत असलेल्या माणसाला दिसत होता.

जया परत आली ती थेट मोरीत पाय धुवायला. "अण्णा, पत्रं गेली?"

"जावक झाली," भाऊराव म्हणाले आणि त्यांनी फाईल पुढे केली. फाईलवर सुंदर अक्षरात 'जया : परदेश शिक्षण' असं लिहिलेलं होतं. आत त्यांनी पत्रावरून हातानं उतरवून घेतलेली कार्यालयीन प्रत होती.

जया ओल्या हातांनी उभ्या उभ्या वाचत गेली. दुसऱ्या पानाच्या तळाशी थांबली.

"हे काय आहे?"

"प्रत."

"कुणाला?"

"बाकीच्या सहांना."

"म्हणजे त्या सहांना कळलं, की मी बाकीच्यांकडे पण अर्ज केलाय?"

"सहांना नाही, सातांना. पहिल्याला पण कळायला हवं ना, प्रत कुणाकुणाला गेली."

"आणि एक ते सात नंबर घालून?"

"तूच लावलेला क्रम. मी एकही हलवला नाही."

जया खालीच बसली. "अण्णा, हे पत्र एकट्या न्यूयॉर्कला आहे. बाकीच्या सहांना आपण नुसतं कळवलंय."

"कार्यवाहीसाठी पण लिहिलंय," भाऊराव म्हणाले.

तेवढ्यात तळवडेकर आले. त्यांनी फाईल वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "वाट लागली, भाऊराव. सगळ्या डब्यात ओरडून सांगितलंत, कुणाला कुठला बर्थ दिलाय तो."

"पण त्यात लपवण्यासारखं काय आहे?" भाऊरावांना खरोखरच कळत नव्हतं. "सात ठिकाणी अर्ज केला, ही काय चोरी आहे?"

"चोरी नाही," जया म्हणाली, "पण सातव्याला तू सातवा आहेस असं तोंडावर सांगतं का कुणी?"

"आमच्या शाखेत मी सातवा आहे. हजेरीपटावर रोज सही करतो."

 जया रडली असती, पण हातात फाईल होती, आणि फाईल ओली झालेली अण्णांना चालत नसे. बाई मद्रासला, शिफारशी पाकिटात, पाकिटं विमानात. पुन्हा लिहायचं तर काय लिहायचं? मागच्या पत्राकडे कृपया लक्ष देऊ नका?

"अहो," द्रौपदीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता दोन दिवस काही बोलू नका तिच्याशी. आणि मुख्य म्हणजे काही लिहू नका."

भाऊरावांनी दोन दिवस पाळले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जयाच्या समोर येऊन उभे राहिले. हातात एक कागद.

"शुद्धिपत्रक केलंय. नुसतं पाठवायचं. 'संदर्भांकित पत्रातील प्राधान्यक्रम रद्द समजावा.' सातही जणांना."

"अण्णा, नको."

"मग स्मरणपत्र? पंधरा दिवसांनी स्मरणपत्र जातंच."

"अण्णा, मी हात जोडते. शुद्धिपत्रक नको, स्मरणपत्र नको, परिपत्रक नको. तुम्ही अमेरिकेला आता काहीही पाठवू नका."

भाऊरावांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.  त्या आठवड्यात चेंबूरच्या कार्यालयातून चार पत्रं एकाही प्रतीविना बाहेर पडली. एरवी प्रत मिळणाऱ्या पुण्याच्या कार्यालयानं लेखी विचारणा केली, की तिथे काही गैरप्रकार चालू आहे काय. साहेबांनी भाऊरावांना केबिनमध्ये बोलावलं. भाऊराव म्हणाले, "साहेब, प्रत घालायला हात होत नाही." ही गोष्ट जयाला ऑफिसच्या शिपायाकडून कळली. त्या दिवशी तिनं अण्णांच्या डब्यात भाजी जास्त घातली. 

जानेवारीत न्यूयॉर्कचं पाकीट आलं. भाऊरावांनी ते पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि जया घरी येईपर्यंत फोटोखाली ठेवून दिलं. जयानं उघडलं.

नकार होता. पण नकार देणारा माणूस सभ्य होता. त्यानं लिहिलं होतं, की तुमचं काम फार चांगलं आहे. पण आमच्याकडे खाऱ्या जमिनीतल्या झाडांवर काम करणारं कुणीच नाही, त्यामुळे तुम्हाला इथे बोलावणं म्हणजे तुमचं नुकसान करणं. ज्या विद्यार्थिनीनं चार हजार दोनशे पानांवरचं मीठ हातानं मोजलं, तिनं अशा कुणाकडे तरी जावं, ज्याला ते मोजणं म्हणजे काय हे ठाऊक आहे.

खाली सही. सहीच्या खाली, डावीकडे, बाकीच्या सहा विद्यापीठांची नावं. प्रत माहितीसाठी.

"बघ," भाऊराव हळूच म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "पद्धत आहे त्यांच्याकडे."

तिथल्या सेक्रेटरीबाई कुणीतरी शिस्तीच्या असणार. आलेल्या पत्राखाली यादी आहे, म्हणजे उत्तरही त्या यादीला गेलं पाहिजे. भाऊरावांना चेंबूरमध्ये अशी एकही सहकारी मिळाली नव्हती.

"अण्णा," जया म्हणाली, "आता बाकीच्या सहांना हेही कळलं, की पहिल्यानं नाही म्हटलंय."

भाऊरावांचा आवाज पुन्हा आत गेला.

मग एकेक करून उत्तरं येत गेली. दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा छापील नकार. चौथ्यानं लिहिलं, की आम्हाला चौथा क्रमांक दिल्याबद्दल आम्ही आभारी आहोत आणि वर उरलेल्या दोघांकडे आपलं भलं होवो. पाचव्यानं कधीच उत्तर दिलं नाही. सहाव्यानं पुढच्या वर्षी विचारायला सांगितलं. भाऊरावांनी प्रत्येक पत्र फाईलला लावलं, कारण नकार झाला तरी कागद आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी जयानं बँकेच्या भरतीचा फॉर्म आणला. जेवणं झाल्यावर दुपारी ती भरायला बसली. भाऊरावांना रविवारची सुट्टी होती. ते फेऱ्या घालत लांबून बघत होते.

"सातव्याचं अजून यायचंय," ते म्हणाले.

"त्याला वाचताच आलं नसेल अण्णा. तुम्ही ती प्रत बघितली होती ना?"

"बघितली होती."

"दिसत होतं काही?"

भाऊरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तारीख दिसत होती," ते म्हणाले.

द्रौपदीबाई भांडी विसळत होत्या. "नळाचं पाणी जाईपर्यंत तरी थांबा दोघं," त्या म्हणाल्या. "नऊ महिने न बोलणारी पोरं पण शेवटी ओरडतात. मी रोज ऐकते."

"आई, हे बाळंतपण नाहीये."

"मग तुझा बाप असा का फेऱ्या घालतोय?"

जया हसली. बऱ्याच दिवसांनी. फॉर्म मात्र तिनं पुरा भरला आणि सही केली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आखाताजवळून एक जाड पाकीट आलं. जयानं ते तळवडेकरांच्या हातात दिलं आणि त्यांनी ते फोडलं. आत दोन पत्रं होती. एक जाड कागदावर टाइप केलेलं; दुसरं त्याचीच कार्बन प्रत, अगदी ठळक. तळवडेकर मोठ्यांदा वाचत आणि मध्ये मध्ये मराठी करत गेले.

"'प्रिय मिस गांगुर्डे, तुमचं पत्र मला ऑक्टोबरात मिळालं, असं पाकिटावरून दिसतं. ते मी खिडकीला लावून बघितलं. दिव्याखाली धरलं. माझ्या बायकोनंही प्रयत्न केला. आम्हाला तारीख लागली…'"

"सांगितलं नव्हतं?" भाऊराव म्हणाले.

"थांबा हो! '…तारीख लागली, आम्ही क्रमांक सात आहोत हे लागलं, आणि कोपऱ्यातली आद्याक्षरं. सोबतचे कागद चांगले होते, पण या बाईंना नेमकं काय करायचं आहे हे कळेना, म्हणून मी ते बाजूला ठेवले. मग जानेवारीत मला न्यूयॉर्कच्या विभागप्रमुखांचं पत्र आलं. त्यांनी गेल्या एकोणीस वर्षांत मला एक ओळ लिहिलेली नाही. हेही त्यांनी मला लिहिलेलं नव्हतं. माहितीसाठी प्रत होती. त्यात लिहिलं होतं, की कुणीतरी चार हजार दोनशे पानांवरचं मीठ मोजलंय. मिस गांगुर्डे, मी स्वतः अकराशे मोजून सोडून दिलं होतं.'"

 जयानं निम्मा पाठ केलेला तो लेख त्याच अकराशे पानांवरचा होता.

"'ऑगस्टपासून जागा आहे. शिष्यवृत्तीही आहे, तीन वर्षं पुरेल. क्रमांक दोन ते सहा यांचं काय झालं हे कृपया कळवा, कारण माझ्या आधी त्यांचा हक्क आहे आणि मला उद्धटपणा करायचा नाही. आपला, मर्सर.' आणि खाली…" तळवडेकर थांबले. "भाऊराव, खाली तुम्ही आहात."

"मी?"

"'प्रत माहितीसाठी : बी. जी., ते जे कुणी असतील त्यांना. विनंती, की त्यांनी नवीन कार्बन घ्यावा.'"

तळवडेकरांनी ती दुसरी, ठळक प्रत भाऊरावांच्या हातात दिली. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रती पाठवणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी प्रत पाठवली होती. भाऊरावांनी ती वाचली. मग पेन काढून त्यांनी वरच्या कोपऱ्यात तारीख घातली, 'आवक' असं लिहिलं आणि क्रमांक दिला : एक.

"झकास!" तळवडेकर म्हणाले. "मी तेव्हाच सांगितलेलं, खालचा बर्थ, खिडकीजवळचा."

"मगरी पण सांगितल्या होत्या तुम्ही," द्रौपदीबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. त्यांनी जयाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अजून न पाठवलेला बँकेचा फॉर्म उचलून फळीवर डब्यांखाली अंथरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी भाऊरावांनी टंकलेखन यंत्रासाठी पुन्हा रीतसर अर्ज केला. साहेबांनी मंजूर केला. या वेळी जयाही सोबत गेली. ऑफिस सुटलेलं होतं. खिडकीतून उतरतं ऊन टेबलांवर आलेलं. भाऊराव यंत्रापुढे बसले, जया शेजारच्या स्टुलावर.

तिनं सांगितलं, त्यांनी टाइप केलं. आपलं पत्र मिळालं. मी येते आहे. क्रमांक दोन ते सहा यांचं आपण वाईट वाटून घेऊ नये. सही झाली. मग भाऊरावांची बोटं कळांवर अडकून राहिली.

"काय झालं?"

"खाली काही घालू का?" त्यांनी यंत्राकडे बघत विचारलं. "नको असेल तर नको. मी नुसतं विचारतोय."

 "न्यूयॉर्कला पाठवा," जया म्हणाली. "त्यांच्यामुळेच झालं. आणि त्यांचं नाव यादीत तुम्ही घातलं होतंत."

भाऊरावांनी मान हलवली. त्यांनी टाइप केलं : प्रत माहितीसाठी. एकच नाव. मग त्यांनी दोन्ही कागद यंत्रातून काढले आणि ते अडले. वरचा जाड कागद एका हातात, खालची कार्बन प्रत दुसऱ्या हातात. जयाला कळलं, ते काय विचार करतायत. न्यूयॉर्कला कार्बन पाठवायचा, ही गोष्ट त्या घरात आजवर कुणाच्या मनातही आली नसती.

"अण्णा, पत्र ज्याला असतं, त्यालाच पहिला कागद जातो ना?"

"नियम तोच आहे," भाऊराव म्हणाले.

त्यांनी वरचा कागद मर्सरच्या पाकिटात घातला. न्यूयॉर्कच्या पाकिटात प्रत घालण्याआधी ती खिडकीकडे धरून त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. प्रत्येक अक्षर दिसत होतं. कार्बन नवा होता.